भंडारदऱ्याच्या पावसाळी मुलुखांत सशांसाठीं पाल्याचें खाद्य

ससे पाळण्याचा जोडधंदा करावा कीं नाहीं, हा प्रश्न डोंगराळ भागांतील शेतकऱ्यापुढें येतो तेव्हां तो प्रथम पिंजऱ्यांचा व जातिवंत जोड्यांचा हिशेब मांडतो. खाद्याचें मागाहून पाहतां येईल, अशी त्याची समजूत असते. वस्तुतः या धंद्यांत एकंदर खर्चापैकीं निम्म्याहून अधिक खर्च खाद्यावर होतो, आणि पिलें दगावतात तींहि बहुतेक खाद्याच्याच चुकीनें. पिंजरा एकदांच विकत घ्यावयाचा असतो. सशाचें पोट रोज भरावें लागतें. शिवाय जोड्या विकणारे लोक पिलें परत विकत घेण्याच्या ज्या बोली करतात, त्या पाळल्या गेल्या नाहींत तर शेतकऱ्याच्या हातीं खाणारीं जनावरें तेवढीं राहतात. अशा वेळीं ज्याचें खाद्य घरचें आहे तो तग धरतो; ज्याचें खाद्य दुकानचें आहे त्यास पिंजरे रिकामे करावे लागतात.

दुकानीं मिळणारें गोळीखाद्य वाईट असतें असें नाहीं. त्यावर ससा लवकर वाढतो, हें प्रारंभींच कबूल केलें पाहिजे. चांगल्या गोळीखाद्यावर न्यूझीलंड व्हाइट, सोव्हिएट चिंचिला यांसारख्या मांसल जातीचें पिलूं रोज २५ ते ३० ग्रॅम वाढतें. नुसत्या हिरव्या पाल्यावर ठेवल्यास तीच वाढ सुमारें निम्म्यावर येते. परंतु तें खाद्य भंडारदऱ्यास किंवा रतनवाडीस बाहेरून आणावें लागतें, त्यावर भाडें पडतें, आणि आषाढाच्या ओलींत पोतें उघडें राहिलें कीं तें बुरसतें. तेव्हां पूर्ण गोळीखाद्य व नुसता पाला या दोहोंच्या मधला मार्ग कोणता, व आपल्या बांधावरील कोणत्या झाडांनीं तो साधेल, एवढाच विचार या लेखांत केला आहे.

अहिल्यानगर (पूर्वींचा अहमदनगर) जिल्ह्यांत एकाच प्रवरा नदीच्या कांठीं दोन अगदीं निरनिराळे मुलूख आहेत. १९२६ सालीं पूर्ण झालेल्या भंडारदऱ्याच्या विल्सन धरणाचें पाणी ज्यांच्या शेतांत पाटानें जातें, त्या खालच्या बागायतदारांस लसूणघासाचे वाफे लावतां येतात व बारमाही हिरवा चारा मिळतो. त्यांना सशाच्या चाऱ्याची विवंचना नाहीं. धरणाच्या भोंवतालच्या मंडळींची गोष्ट वेगळी. घाटघर व रतनवाडीकडे पाऊस हजारों मिलिमीटरांनीं मोजावा लागतो; राजूर, अकोले असें पूर्वेस उतरत जावें तसा तो झपाट्यानें घटतो. या वरच्या पट्ट्यांत खाचरांत भात, उतारावर नागली, वरई व खुरासणी हीं पिकें. लसूणघास येथें पावसाळ्यांत मुळाशीं कुजतो. म्हणून खालच्या पट्ट्यांतील सशांच्या चाऱ्याचा पाठ वर जशाचा तसा गिरवूं नये.

या मुलुखाची डांगी गुरें चार महिने पावसांत उभीं राहतात; त्यांच्या कातडींतून पाझरणाऱ्या तेलकट अंशानें पाणी अंगावर ठरत नाहीं, असें सर्वत्र मानतात. ससा हा त्यांच्या अगदीं उलट प्रकृतीचा. त्याला थंडी फारशी बाधत नाहीं, पण ओल बाधते; आणि बाहेरच्या ओलीपेक्षांहि पोटांत जाणारी ओल अधिक बाधते. ही गोष्ट समजण्यास त्याच्या पचनाची रचना थोडी पाहिली पाहिजे.

सशाचें पोट

गाईस कोठीपोट असतें व ती रवंथ करते. सशास कोठीपोट नाहीं. त्याचें आंबवण्याचें काम लहान आंतड्याच्या पुढें असलेल्या एका मोठ्या आंधळ्या आंतड्यांत चालतें. खाल्लेल्या अन्नांतील जाड तंतु तेथें फारसे थांबत नाहींत; ते पुढें सरकून कोरड्या कठीण लेंड्यांच्या रूपानें बाहेर पडतात. बारीक भाग तेवढा आंधळ्या आंतड्यांत मागें राहतो, तेथील सूक्ष्म जंतूंकडून आंबवला जातो, आणि त्याच्या मऊ, चकचकीत, घोंसासारख्या लेंड्या बनतात. या मऊ लेंड्या ससा रात्रीं किंवा पहांटे गुदद्वारापासूनच तोंडानें उचलून गिळतो. त्यांत प्रथिनें व ‘ब’ वर्गाचीं जीवनसत्त्वें असतात. नवशिका पाळणारा हें पाहून जनावर आजारी आहे असें समजतो व औषध शोधूं लागतो. प्रत्यक्षांत हेंच त्याच्या निरोगीपणाचें लक्षण होय.

या सर्व यंत्राला चालना देणारी वस्तु म्हणजे जाड तंतु. तंतु कमी पडला कीं आंतड्यांची हालचाल मंदावते. त्यांतच मका, तांदळाची कणी यांसारखें पिष्ट अधिक गेलें, तर लहान पिलाच्या आंतड्यांत तें पुरतें पचत नाहीं. न पचलेलें पिष्ट पुढें आंधळ्या आंतड्यांत उतरतें, तेथें अपायकारक जंतु माजतात, आणि पिलूं पोट फुगून व पातळ हगून एक-दोन दिवसांत मरतें. धान्य जास्त घातलें म्हणजे जनावर लवकर पोसेल, ही बैलाच्या व कोंबडीच्या अनुभवावरून झालेली समजूत सशाला लागू पडत नाहीं. वाढत्या पिलाच्या एकंदर कोरड्या आहारांत शेंकडा १४ ते १६ भाग तंतु व शेंकडा १६ ते १७ भाग प्रथिन असावें, असें साधारण प्रमाण आहे. प्रथिन डाळींच्या जातीच्या पानांतून मिळतें आणि तंतु वाळलेल्या गवतांतून. दोन्ही वस्तु आपल्या बांधावरच्या आहेत.

तंतूचा दुसरा उपयोग दांतांसाठीं. सशाचे दांत आयुष्यभर वाढत राहतात. चावून झिजले नाहींत तर ते वेडेवांकडे वाढून खाणेंच बंद पडतें.

कोणता पाला द्यावा

पहिला मान शेवग्याला द्यावा लागेल. शेवग्याच्या वाळलेल्या पानांत शेंकडा २५ च्या आसपास प्रथिन असतें, ससा तीं आवडीनें खातो, व झाड फांदी लावूनहि उगवतें. मात्र शेवग्यास मुळाशीं पाणी साचलेलें खपत नाहीं. खाचराच्या बांधावर तो कुजेल. घराच्या पाठीमागील उंचवट्यावर किंवा वरकस जमिनीच्या माथ्यावर लावावा आणि शेंगांसाठीं उंच वाढूं न देतां छातीइतका छाटून ठेवावा, म्हणजे पाला हातानें तोडतां येतो.

दुसरी तुती. रेशमाच्या किड्यासाठींच ती लावावी असें नाहीं. तुतीचा पाला मऊ, रुचकर व पचण्यास हलका असून त्यांत वाळल्या वजनावर शेंकडा १८ ते २२ भाग प्रथिन असतें. महाबळेश्वरच्या पावसांत तुती वाढते, त्यावरून भंडारदऱ्याच्या उतारावरहि ती टिकण्यास हरकत दिसत नाहीं. छाटणीनंतर ती पुन्हां जोरानें फुटते. आमच्या मतें दहा माद्यांचा कारखाना घालूं पाहणाऱ्यानें पिंजऱ्यांच्या आधीं एक वर्ष तुती व शेवगा लावावा. हें ऐकण्यास मंद वाटेल, पण झाडाआधीं जनावर आणणें म्हणजे चुलीआधीं पाहुणे बोलावणें होय.

सुबाभळीविषयीं थोडें विस्तारानें लिहिणें जरूर आहे, कारण ती सर्वत्र दिसते व फुकट मिळते. उरुळीकांचन येथें १९६७ सालीं मणिभाई देसाई यांनीं स्थापिलेल्या ‘बाएफ’ संस्थेनें महाराष्ट्रांत या झाडाचा मोठा प्रसार केला. गाईम्हशी व शेळ्या यांना त्यापासून चांगला चारा मिळाला. परंतु तिच्या पानांत व विशेषतः कोवळ्या शेंड्यांत व बियांत मायमोसिन नांवाचें विषारी द्रव्य असतें. गुरांच्या कोठीपोटांतील कांहीं जंतु त्याचा नाश करूं शकतात, म्हणून गुरांचें निभतें. सशाच्या पोटांत विष रक्तांत जाण्यापूर्वीं तें नाहींसें करील अशी सोय नाहीं. सुबाभूळ फार झाली कीं सशाचे केंस गळतात, वाढ खुंटते व माद्या नीट गाभण राहत नाहींत. म्हणून ती उन्हांत चांगली वाळवून, आणि कोरड्या आहाराच्या दहाव्या हिश्शापर्यंतच द्यावी. गाभण व दूध पाजणाऱ्या मादीस मुळींच न दिलेली बरी.

सुबाभळीसारखाच दिसणारा पण तिचा हा दोष नसलेला चारा म्हणजे दशरथ घास. हें लहान झुडूप आहे. एकदां पेरलें कीं पुष्कळ वर्षें कापतां येतें, दर दीड महिन्यानें नवी कापणी मिळते, व निचऱ्याच्या हलक्या जमिनींतहि तें येतें. ज्यास सुबाभूळच लावावयाची इच्छा असेल त्यानें त्या जागीं दशरथ घासाचा विचार करावा.

बांधावरचा पांगारा व परसांतील हादगा यांचाहि पाला चालतो. पांगारा फाल्गुनांत फुलण्यापूर्वीं पानें झाडतो, म्हणून त्याचा पाला पावसाळ्यानंतर मार्गशीर्षापर्यंत काढून घ्यावा; कांटे असलेल्या कोवळ्या फांद्या पिंजऱ्यांत टाकूं नयेत. रताळ्याचा वेल ही तर फुकटची कमाई आहे. रताळीं काढल्यावर वेल बहुधा बांधावर फेकला जातो. तो एक दिवस सुकवून दिल्यास ससे देंठासकट फस्त करतात. तीच गोष्ट वालाच्या वेलाची. याच अकोले तालुक्यांतील कोंभाळणें गांवच्या राहीबाई पोपेरे यांस देशी वाणांचें बियाणें जतन करण्याच्या कार्यासाठीं २०२० सालचा पद्मश्री किताब मिळाला. त्यांनीं राखलेल्या वाणांत वालाचे अनेक प्रकार आहेत. शेंगा घरांत आणि वाळलेला वेल सशांना, अशी विभागणी सहज होते. हरभऱ्याचें भूस मिळाल्यास तेंहि तंतूसाठीं उत्तम.

वाळल्या गवताची निवड मात्र काळजीनें करावी. मारवेल, पवन्या ही गवतें फुलोऱ्यावर येतांच, म्हणजे आश्विन-कार्तिकांत, पावसाची उघडीप साधून कापावींत. पौषांत पिवळें झालेलें गवत कापलें तर त्यांत काडी तेवढी उरते. भाताचा पेंढा अंथरण्यास घ्यावा. खाद्य म्हणून त्यावर भिस्त ठेवूं नये, कारण त्यांत प्रथिन थोडें व वाळूसारखा कठीण अंश फार.

हा सर्व पाला स्वतःच्या बांधावरचा असावा. भोंवतालचें पुष्कळ रान १९८६ सालीं घोषित झालेल्या कळसूबाई–हरिश्चंद्रगड अभयारण्यांत येतें. तेथून पाला ओरबाडून आणणें गुन्हा ठरूं शकतें. तसेंच रानांतील ससा धरून पिंजऱ्यांत घालण्याचा मोह टाळावा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें तें मना आहे, आणि त्याचा उपयोगहि नाहीं. तो पाळीव सशाहून निराळ्या जातीचा प्राणी आहे. त्याचीं पिलें केसाळ व उघड्या डोळ्यांनीं जन्मतात, पाळीव सशाचीं उघडीं व आंधळीं. दोघांचा संकर होत नाहीं.

दाणा, पेंड व वर्ज्य वस्तु

पाल्याला थोड्या भरड्याची जोड दिली म्हणजे वाढीचा तोटा बराच भरून निघतो. या भागांत सांपडणाऱ्या वस्तूंचें दहा किलोचें एक मिश्रण असें करतां येईल: नागली किंवा मका भरडून अडीच किलो, गव्हाचा कोंडा तीन किलो, खुरासणीची पेंड दोन किलो, हरभऱ्याची चुणी एक किलो तीनशें ग्रॅम, शेवग्याचा वाळवून चुरलेला पाला एक किलो, खनिज मिश्रण दीडशें ग्रॅम व मीठ पन्नास ग्रॅम. यांत प्रथिन शेंकडा १७ च्या आसपास पडतें. वाढत्या पिलास रोज सुमारें ५० ग्रॅम, पाजणाऱ्या मादीस १५० ग्रॅमपर्यंत, आणि बाकीचें पोट पाल्यानें व वाळल्या गवतानें भरूं द्यावें. नागलींत चुना भरपूर असल्यानें सशाचें मूत्र कधीं कधीं पांढरट व गढूळ दिसतें. जास्तीचा चुना ससा मूत्रावाटेंच टाकतो, म्हणून त्यास घाबरूं नये.

खुरासणीची पेंड आम्हीं मुद्दाम सुचविली आहे. भुईमुगाच्या पेंडींत प्रथिन अधिक असलें तरी दमट हवेंत तिला बुरशी फार लवकर धरते, व त्या बुरशीचें अफ्लाटॉक्सिन नांवाचें विष पचविण्याच्या कामीं ससा अत्यंत दुबळा आहे. गाईला जी पेंड खपते तिनें ससा यकृत बिघडून मरतो. गिरणींतील भाताचा कोंडाहि ताजा असेल तरच थोडा वापरावा. त्यांतील तेल लवकर खवट होतें, आणि लहान गिरणीच्या कोंड्यांत भाताचें तूस मिसळलेलें असतें.

कोंबडीखाद्य मात्र सशाला कधींहि घालूं नये. कोंबड्यांच्या हगवणीच्या रोगावर त्या खाद्यांत सॅलिनोमायसीन किंवा नॅरासिन हीं औषधें मिसळलेलीं असतात, व तीं सशाला विषासमान आहेत. युरिया घातलेलें गुरांचें खाद्य व सरकीची पेंड यांसहि पिंजऱ्यांत थारा देऊं नये. घाणेरी, रुई, धोतरा, कण्हेर, एरंड, बेशरम, गाजरगवत, बटाट्याचा व टोमॅटोचा पाला, ज्वारीचे कोवळे पोंगे हीं सर्व वर्ज्य. गवत कापणाऱ्या मुलांना यांतील प्रत्येक झाड एकदां दाखवून ठेवावें; भाऱ्यांत मिसळून आलेली एक फांदीहि पुरते. फवारणी केलेल्या शेताच्या बांधावरचा पाला कितीहि हिरवागार दिसला तरी आणूं नये.

पावसाळ्याची बेगमी

सशाचा खरा कठीण काळ आषाढ व श्रावण. चोहोंकडे हिरवळ दाटलेली असते, आणि नेमकी तीच घात करते. त्या कोवळ्या गवतांत पाण्याचा भाग फार, तंतु थोडा. शिवाय तें पावसानें भिजलेलें. पिलूं पोट भरून खातें पण त्याच्या पोटांत कोरडा अंश फारसा जात नाहीं, आणि आंतडीं ढिलीं पडतात. याच दिवसांत लेंड्यांतून पसरणारा कॉक्सिडिया नांवाचा सूक्ष्म जंतु ओल व ऊब मिळाल्यानें फोंफावतो. म्हणून हिरवा पाला कापल्यावर तो आदल्या दिवशींच छपराखालीं पसरून मलूल होऊं द्यावा, ढीग करून तापूं देऊं नये, आणि जमिनीवर न टाकतां जुडी बांधून टांगावा किंवा तारेच्या घोडींत घालावा. लेंड्यांना लागलेला पाला पुन्हां तोंडांत जातां कामा नये.

यापेक्षां खात्रीचा मार्ग म्हणजे वाळला पाला सांठवून ठेवणें. त्याचा अंदाज असा: दहा माद्या व त्यांचीं सुमारें चाळीस पिलें धरलीं, तर सरासरीनें प्रत्येकास रोज ४० ग्रॅम वाळला पाला या मानानें दिवसाला दोन किलो लागतात. पावसाळ्याच्या १२० दिवसांस २४० किलो. चार किलो ओल्या पाल्याचा सुमारें एक किलो वाळतो असें धरल्यास माघापासून वैशाखापर्यंत हजार किलोच्या घरांत ओला पाला तोडावा लागेल. एकट्यास हें काम जड आहे; ज्याचीं झाडें कमी त्यानें माद्या चारच ठेवाव्यात. पाला सावलींत वाळवावा, म्हणजे रंग हिरवा राहतो व जीवनसत्त्वें टिकतात. सुबाभळीस तेवढें ऊन द्यावें. पान मुठींत चुरल्यावर कुरकुरलें म्हणजे कणगींत भरून माळ्यावर, शक्य तर चुलीच्या वरच्या बाजूस, ठेवावें. मधून मधून हात घालून पाहावें. ऊब किंवा कुबट वास लागला तर त्या कणगींतला पाला सशांस देऊं नये. खताच्या खड्ड्यांत टाकावा. वाळल्या पाल्यावर ससा पाणी अधिक पितो, साधारणतः कोरड्या खाद्याच्या दुप्पट. तेव्हां बाहेर धो धो पाऊस असतांनाहि पिंजऱ्यांतील भांडें रिकामें राहणार नाहीं हें पाहावें.

पिलें आईपासून तोडणें

मादी ३० ते ३२ दिवसांत विते. पिलें तिसऱ्या आठवड्यांत आईच्या खाद्यांत तोंड घालूं लागतात, आणि पांचव्या आठवड्याच्या सुमारास त्यांस तोडतां येतें. याच हप्त्यांत सर्वाधिक पिलें मरतात, कारण दूध बंद होतें, जागा बदलते व खाद्यहि बदलतें. तिन्ही गोष्टी एकदम होऊं देऊं नयेत. पिलांऐवजीं आईलाच दुसऱ्या पिंजऱ्यांत न्यावें. पिलें जुन्याच जागीं, जुन्याच खाद्यावर पंधरा दिवस राहूं द्यावींत. या मुदतींत भरडा वाढवूं नये, उलट वाळलें गवत सतत समोर ठेवावें. नवा पाला सुरू करणें झाल्यास पहिल्या दिवशीं चिमूटभर देऊन आठ-दहा दिवसांनीं पूर्ण प्रमाणावर यावें. पावसाळ्यांत तोडणीस येतील अशा बेतानें माद्या भरवूंच नयेत, हें आमचें आग्रहाचें सांगणें आहे. चैत्राच्या अखेरपर्यंत विलेल्या माद्यांचीं पिलें ज्येष्ठाच्या पावसापूर्वीं आईपासून सुटून घट्ट होतात.

खाद्य सायंकाळीं द्यावें, कारण ससा रात्रीं अधिक खातो. सकाळीं पिंजऱ्यापुढें गेल्यावर प्रथम खालच्या लेंड्या पाहाव्यात. त्या मोठ्या, गोल, कोरड्या व बोटांनीं दाबल्यास गवताच्या भुशासारख्या फुटणाऱ्या असाव्यात. बारीक व काळ्या झाल्या तर तंतु किंवा पाणी कमी पडत आहे. मऊ होऊन चिकटूं लागल्या तर भरडा त्याच दिवशीं थांबवून नुसतें वाळलें गवत व पाणी ठेवावें, आणि दुसऱ्या दिवशींहि फरक न पडल्यास पशुवैद्यास दाखवावें.

आठवड्यांतून एका ठराविक वारीं, खाद्य देण्यापूर्वीं, प्रत्येक पिंजऱ्यांतील दोन पिलांवर खूण करून तींच तराजूंत घालावींत व वजन वहींत लिहावें. पाला व वरील भरडा यांवर रोज १५ ते २० ग्रॅमची वाढ मिळाली तर मिश्रण बदलण्याचें कारण नाहीं. त्याहून कमी भरल्यास भरडा वाढविण्यापूर्वीं कणगींतला पाला, पाण्याचें भांडें व पिंजऱ्याखालची ओल या तीन गोष्टी तपासाव्यात, आणि त्या ठीक असतील तरच पिलामागें दहा ग्रॅम भरडा वाढवून पुढच्या आठवड्याच्या वजनाची वाट पाहावी.